सुकटीचं पार्सल

शुक्रवारी सकाळी उठले तर खिडकीबाहेर काहीच नव्हतं. समोरची इमारत नाही, मशिदीचा मिनार नाही, खाली जावयाच्या दुकानाची पाटी नाही. नुसता तांबडा रंग, गेरू कालवल्यासारखा. इथले लोक याला तोज म्हणतात. थंडी सरते आणि उन्हाळा अजून लागायचा असतो, त्या मधल्या दिवसांत ही धूळ वाळवंटातून उठते आणि कुवेतातल्या आमच्या या जहरा शहरावर येऊन बसते. कधी अर्धा दिवस, कधी दोन दिवस. दाताखाली कचकच. भातात कचकच. अल्लाचं नाव घेतलं तरी जिभेवर कचकच.

माझी पोरगी रुक्साना म्हणाली, "आई, तू बस. तुला खोकला होतो."

मी बसले नाही. जुने टॉवेल भिजवले, पिळले आणि खिडक्यांच्या फटीत कोंबायला घेतले. हे काम मला कोणी शिकवायला नको. बारा वर्षांमागे याच दिवसांत मी ते शिकले. त्या दिवसांतलं काहीही मी विसरले नाही. मला लोक सांगतात, "हलिमा, जाऊ दे आता, झालं गेलं." मी मान हलवते. जाऊ द्यायला मी काही धरलेलं नाही. ते आपलं आपण माझ्यात बसलंय, धुळीसारखं.

आमच्या गावात, रत्नागिरीच्या किनाऱ्याला, घरटी एक माणूस आखातात. जो निघतो त्याच्या घरी आदल्या दिवशी सगळा मोहल्ला पार्सलं घेऊन येतो. कोणाचं आंबोशी-कोकम, कोणाचं लोणचं, कोणाच्या नव्या बाळंतिणीचा फोटो. प्रत्येक पार्सलावर मार्करने नाव. निघणाऱ्याची स्वतःची बॅग अर्धी असते, दुसऱ्यांची दीड. नाही म्हणायचं नसतं. आणि उघडून तर बघायचंच नसतं. उघडलंत तर समोरच्याला चोर म्हटल्यासारखं होतं, पुढे दोन पिढ्या तो माणूस तुमच्या दारात चहा घेत नाही.

माझा अस्लम तेव्हा सुट्टी संपवून परत निघाला होता. इथे एका कंपनीत गाडी चालवायचा. लग्न होऊन सातवा महिना, बायकोला दिवस गेलेले. संध्याकाळी नझीरभाय आला. आमच्या मागच्या आळीतला. जमातीत पुढे बसणारा, लोकांच्या तंट्यात बोलणारा माणूस. हातात सुकटीचं पार्सल. जवळा आणि बोंबील, वास असा की मांजरं मागून आली.

"माझ्या साडूला दे रे अस्लम. तो विमानतळावर घ्यायला येईल."

अस्लमने ते हातात घेऊन तोललंन. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आई, सुकट एवढी जड नसते. उघडून बघू?"

मी त्याला झापला. "शेजाऱ्याचं पार्सल उघडतोस? लाज नाही वाटत?" आणि पिशवीचा कोपरा उसवला होता तो मीच शिवला. दाभण माझा, दोरा माझा. गाठ मारून दोरा दातांनी तोडला. सुकटीचा वास ओठाला लागला.

विमानतळावर इथल्या पोलिसांनी तो दोरा कापलानी. सुकटीच्या पोटात गांजाची पुडी होती. साडू म्हणून कोणीच आला नव्हता.

मी चौथीपर्यंत शिकलेली. कोर्ट कसं असतं ते मी इथे बघितलं. मी आले ती घरकामाच्या व्हिसावर, पोराच्या जवळ राहायला मिळावं म्हणून. जहरातच एका मोठ्या घरात. घरच्या म्हातारीला सगळे मामा म्हणायचे, इथे आईला मामा म्हणतात, मीही म्हणायचे. ती वाईट नव्हती, चांगलीही नव्हती. वकिलाने सांगितलंन, "ज्याने पार्सल दिलं त्याने लिहून दिलं, की पोराला आत काय आहे ते माहीत नव्हतं, तर काहीतरी करता येईल." माझा भाऊ कासम गावाला धावला. नझीरला जुम्म्याच्या नमाजानंतर जमातीसमोर उभा केलानी.

तो म्हणाला, "मी काही दिलंच नाही. हलिमाचा पोरगा खोटं बोलतो."

मशिदीत उभा राहून. टोपी डोक्यावर.

अस्लमला दहा वर्षांची शिक्षा लागली. सहा भरली, मग माफीच्या यादीत नाव आलं आणि गावी पाठवलानी. परत या देशात पाय ठेवायचा नाही, असा शिक्का मारून. मी मात्र इथेच राहिले. वकिलासाठी घर गहाण पडलं होतं, कोणीतरी इथे राबायला पाहिजे होतं. आता पोरीकडे असते.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या तोजचं. त्या वर्षी ती धूळ येतच राहिली. मामाच्या घराला एकवीस खिडक्या. सकाळी पुसायच्या, दुपारपर्यंत पुन्हा बोट फिरवलं तर रेघ उठायची. मामा बोट फिरवायची. रेघ दाखवायची. मी पुन्हा बादली भरायचे. बादलीतलं पाणी चहासारखं व्हायचं आणि त्या पाण्यात मला नझीरचं तोंड दिसायचं. फडकं पिळताना मी मान पिळतेय असं समजून पिळायचे. हात दुखायचे नाहीत. मामाला वाटायचं, बाई कामाला चांगली आहे.

जेलच्या मुलाखतीच्या दिवशी अर्धी सुट्टी. बसथांब्यावर ओढणी ओली करून तोंडावर घ्यायची, बस येईपर्यंत ती वाळून कडक व्हायची. जेलात काचेच्या पलीकडे पोरगा, मधे फोन. पहिल्या वेळी मी त्याला ओळखलंच नाही. डोकं भादरलेलं, आणि माझ्या डोळ्यात धूळ. मी शेजारच्याकडेच बघत होते. त्याने काचेवर टकटक केलंन.

"आई, इकडे."

मग फोन उचलून पहिलं काय विचारलंन? "जेवलीस?"

मला वाटलं होतं तो म्हणेल, आई, मी उघडून बघतो म्हणालो होतो. तो ते कधीच म्हणाला नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

आता गावात तो रिक्षा चालवतो. चांगली चालवतो. पण मोहल्ल्यातलं कोणी त्याच्या हाती पार्सल देत नाही, तालुक्याला औषध आणायलासुद्धा नाही. मशिदीत तो मागे बसतो, चपलांच्या जवळ. त्याची पोरगी शाहीन सहावीत आहे. जेलात होता तेव्हा जन्मली. शाळेत तिला गांजावाल्याची म्हणतात. तिने मला फोनवर विचारलंन, "दादी, गांजा म्हणजे काय गं?" मी म्हटलं, "सुकटीतला किडा."

आणि नझीर पुढच्या सफेत, पहिल्या रांगेला.

आता सनाचं सांगते. सना म्हणजे त्याच नझीरची नात, पोरीची पोरगी. अमेरिकेत जन्मली, पंचविशीची आहे. मावसभावाच्या लग्नाला गावी निघाली आणि वाटेत दोन दिवस कुवेतला थांबायचं ठरलं. नझीरच्या बायकोने रुक्सानाला फोन केलान. गावची पोरगी, इथे घर असताना हॉटेलात कशी राहील? रुक्साना हो म्हणाली आणि मग माझ्याकडे बघायला तिला धीर होईना.

"आई, पोरीचा काय दोष?"

मी म्हटलं, "तिचा काहीच नाही. येऊ दे."

ती मग अधूनमधून फोन करायला लागली. चेहरा दाखवून बोलायची. गोड पोर. मराठी थोडं, हिंदी थोडं, बाकी इंग्रजी. आजोबाने कोणाचं काय केलंय ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. एकदा मी विचारलं, "काय काम करतेस गं?"

"दादी, मैं टॅक्सचे पेपर बघते. एका शॉपचे."

"कसलं शॉप?"

ती हसली. "गांजाचं. डोन्ट वरी, आमच्या स्टेटमध्ये लीगल आहे."

मी कांदा चिरत होते. सुरी खाली ठेवली.

तिने मला दुकान दाखवलंन. काचेची कपाटं, पिवळे दिवे, दारावर वय बघणारा माणूस. पोरासोरांना आत घेत नाहीत. लायसन भिंतीवर टांगलेलं, आमच्याकडे मक्केचा फोटो टांगतात तसं. पावतीवर एकाखाली एक टॅक्स. गावाचा वेगळा, राज्याचा वेगळा, आणि नुसता गांजाचा म्हणून एक आणखी वेगळा. लोक कुरकुरतात म्हणे, की टॅक्स फार झाला. शेजारच्या राज्यात कायदा वेगळा, तिथे नेलं तर पकडतील. आणि सगळ्या देशाचं जे मोठं सरकार आहे ते अजून याला गुन्हाच म्हणतं.

"म्हणजे रस्त्याच्या या बाजूला टॅक्स, त्या बाजूला पोलीस?"

"एक्झॅक्टली, दादी."

"आणि आधी पकडले होते त्यांचं काय?"

"काही स्टेट्समध्ये त्यांचे जुने केस पुसतात. रेकॉर्ड क्लीन. टॅक्सचे थोडे पैसे त्या लोकांसाठीसुद्धा ठेवतात."

मला बाकी काही ऐकू आलं नाही. पुसतात. सरकार पुसतं. मी मनात म्हटलं, माझ्या अस्लमचा कुठला टॅक्स भरायचा राहिला होता? सहा वर्षं भरली. बायकोचं बाळंतपण भरलं. पोरीची पहिली पावलं भरली. त्याचं कोण पुसणार? इथल्या सरकारने शिक्षा माफ केली, नाव नाही पुसलं. ते नाव गावात मळलं होतं, ज्याने मळवलं त्यानेच पुसायचं होतं. मला तोपर्यंत बदला म्हणजे काय हवंय तेच कळत नव्हतं. त्याचं घर जळावं, त्याचे डोळे जावेत, असलं काहीतरी मागायचे नमाजानंतर. त्या दिवसापासून एकच मागायला लागले. त्याने बोलावं.

गुरुवारी सनाचा फोन आला. बॅग भरत होती. "दादी, तुमच्यासाठी चॉकलेट. रुक्साना आंटीला परफ्यूम. आणि हे नानांसाठी." निळं पाकीट. आत रंगीत गोळ्या, पोरं खातात तशा. "नानांचे गुडघे दुखतात ना. नानांनीच सांगितलं, आण म्हणून. आमच्याच शॉपच्या आहेत."

मला आठवतंय, मी फोन फार घट्ट धरला होता.

दुसऱ्यांदा. दुसऱ्याच्या बॅगेत. या वेळी स्वतःच्या नातीच्या.

मी त्याच क्षणी तिला सांगितलं, हे आधी लिहून ठेवते. कोणी मला वाईट म्हणायचं तर नीट समजून म्हणा. मी म्हटलं, "सना, ते पाकीट बाहेर काढ. माझ्यासमोर कचऱ्यात टाक."

"पण दादी, सील आहे. टॅक्स पेड. ही बघा पावती."

"ती पावती इथल्या पोलिसाला दाखवशील? तो ती पुरावा म्हणून फायलीला लावील." मग मी तिला अस्लमचं सांगितलं. सुकट, दोरा, सहा वर्षं. पार्सल कोणाचं होतं ते सांगितलं नाही. पोर पांढरीफट्ट पडली. गोळ्या टाकल्यान, पाकीट टाकलंन, बॅग उलटी करून झटकलीन. मी म्हटलं, "बाजूचा कप्पा. पर्स. कोटाचा खिसा." सगळं दाखवायला लावलं. मग म्हटलं, "आता एक कर. इथे उतरेपर्यंत नानाला फोन करू नको. मेसेजही नको."

"व्हाय?"

"माझं त्याच्याकडे काम आहे."

शुक्रवारी ती विमानात होती तेव्हा इथे तोज उठली. रुक्साना म्हणाली, "आई, विमानांना उशीर होणार." मी टॉवेल कोंबून झाल्यावर हात धुतले. गावाला तेव्हा नमाजाची वेळ व्हायला आली होती. नझीरला फोन लावला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"कोण?"

"हलिमा. कुवेतहून."

मग गोड आवाजात, "बोल बाय. कशी आहेस? सना पोचली?"

"विमानात आहे. तुझ्या गुडघ्यांच्या गोळ्या मागवल्यास ना तू? निळ्या पाकिटातल्या? मला फोनवर दाखवलंन."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अगे, मग तिला सांगितलंस ना, काढ म्हणून?"

"मी कशाला सांगू? दुसऱ्याचं पार्सल उघडून बघायचं नसतं, नझीरभाय."

"हलिमा!"

"ओरडू नको. इथे कायदा काय आहे ते तुला माहीत आहे. तुझ्यामुळे सगळ्या गावाला माहीत आहे."

मग तो रडायला लागला. म्हातारा माणूस रडतो तसा, नाक ओढत. तुझ्या पाया पडतो म्हणाला. तुझी ओळख असेल कोणाशी, जावयाला विमानतळावर पाठव, कोणाला तरी सांग, पोरगी लहान आहे. मी ऐकून घेतलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तापात अंगावरून कोणी ओलं फडकं फिरवावं तसं बरं वाटलं.

"काय पाहिजे तुला?" शेवटी विचारलंन.

"आज जुम्मा आहे. नमाज झाली की उभा राहा. जिथे उभा राहून बोललास तिथेच. कासम फोन धरेल, मी ऐकणार आहे."

"लोक काय म्हणतील?"

"अस्लमला जे म्हणतात तेच."

कासमने फोन धरलान. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसले, रुक्साना दारात उभी. आधी पंख्याची घरघर. खोकले. मग नझीरचा आवाज, बारीक, विहिरीतून आल्यासारखा.

"सुकटीचं पार्सल माझं होतं. आत काय होतं ते मला माहीत होतं. अस्लमला माहीत नव्हतं. मी खोटं बोललो."

पंखा फिरत राहिला. मग मागून दाऊदचाचा ओरडला. त्याला ऐकू कमी येतं. "काय म्हणाला? मोठ्याने बोल रे नझीर, मागे काही कळलं नाही!"

त्याला ते दुसऱ्यांदा बोलावं लागलं. मोठ्याने. दाऊदचाचाला अल्ला शंभर वर्षं देवो.

मी कासमला विचारलं, अस्लम काय करतोय. तो म्हणाला, "उठला. चपला घातल्या. चाललाय घरी." कोणी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलं, तर खांदा बाजूला घेतलान म्हणे. माझा पोरगा तो. तासाभराने त्याचा फोन आला. मला वाटलं आता तरी काहीतरी म्हणेल.

"आई, जेवलीस?"

"जेवते आता."

"शाहीनला मी शाळेतून आणलं. तिला सांगितलं." मग फोन ठेवलान नाही, मीही ठेवला नाही. रिक्षाचा आवाज येत राहिला.

विमान दुपारी उतरायचं होतं. धुळीने उतरू दिलंन नाही. शेजारच्या देशात नेऊन उभं केलंनी, तिथे चार तास. तोजने आयुष्यात पहिल्यांदा माझी बाजू घेतलीन. तेवढ्या वेळात नझीरचे सतरा फोन आले. रुक्साना म्हणाली, "आई, सांग ना आता त्याला. बोलला ना तो." मी फोन भांड्यांच्या फळीवर ठेवला आणि तांदूळ निवडायला बसले. फोन थरथरायचा, वाट्या किणकिणायच्या. वकिलाने मागितलेल्या त्या एका कागदासाठी मी अशीच बसले होते, महिनोन् महिने. मला कोणी सांगितलं नव्हतं, बोलला ना आता.

सना आली तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. केसांत धूळ, पापण्यांवर धूळ. दारातच तिने बॅग उघडून दाखवलीन, मी न विचारता. मी तिला आधी पाणी दिलं, मग म्हटलं, "आता कर नानाला फोन."

ती बोलली. तो काय बोलला मला माहीत नाही. तिचा चेहरा मात्र हळूहळू बदलत गेला. मग फोन माझ्यापुढे धरलान.

नझीर दमला होता. "तू तिला आधीच सांगितलं होतंस."

"हो."

"मग आता तरी माफ केलंस ना, हलिमा?"

"सना येतेय, तिच्याबरोबर पाठवते काय ते," मी म्हटलं.

आज सना गावी निघाली. धूळ बसलीय, समोरची इमारत पुन्हा दिसतेय. सकाळी मी जावयाच्या दुकानात उतरले आणि गुडघ्यांना चोळायच्या मलमाची एक ट्यूब घेतली. जावई म्हणाला, "आई, घरातल्या घरात पावती कशाला?" मी म्हटलं, "फाड." इथे कशावर टॅक्स लागत नाही, पावतीवर नुसतं मलम आणि किंमत. ट्यूब आणि पावती प्लास्टिकच्या पिशवीत घातली, आरपार दिसेल अशा. शिवली नाही. तोंडसुद्धा बांधलं नाही. वर मार्करने माझ्या हाताने नाव लिहिलं, नझीर.

सनाला म्हटलं, "हे जमातीत सगळ्यांसमोर दे."

तिने पिशवी घेतलीन. आत बघितलंन, मग माझ्याकडे. "दादी, बस एवढंच? आणखी काही सांगायचं त्यांना?"

"सांग, माफी आत नाही. उघडून बघ म्हणावं."